डोळ्याचं काही नाही

अक्का दुकानात आली तेव्हा मी पिंपरदच्या एका गुरुजींना सांगत होतो, की ही सोनेरी फ्रेम तुम्हाला अजिबात शोभत नाही, वरातीतल्या बँडवाल्यासारखे दिसताय. गुरुजी हिरमुसले, पण फ्रेम त्यांनी खाली ठेवली आणि मी पुढे केलेली साधी काळी घेऊन गेले. माझं दुकान अशा बोलण्यावरच चालायचं. फलटणमध्ये तेव्हा चष्म्याची चार दुकानं होती आणि लोक म्हणायचे, हेंद्रेंकडे जा, तोंडाचा फटकळ आहे पण खोटं सांगणार नाही. या गोष्टीचा मला माज होता. आता कबूल करायला काय जातंय, होताच.

गुरुजी पायरी उतरेपर्यंत अक्का बाकावर गप्प बसून राहिली. माझा डबा तिने मांडीवरच धरून ठेवला होता. एरवी डबा काउंटरवर ठेवून ती लगेच वळायची, कारण घरी कामांचा ढीग असायचा.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कुमुद. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, तेव्हा सेहेचाळिशीची. लग्न झालं नाही. तिला लहानपणापासून लांबचं दिसत नसे आणि तो नंबर वाढत वाढत मायनस अठरावर जाऊन थांबला होता. चष्म्याच्या काचा इतक्या जाड, की त्यांच्यामागे तिचे डोळे मण्यांएवढे दिसायचे. आमचे वडील शिंपी. त्यांच्या मशीनशेजारी बसून अक्काने उभी हयात काज-बटणं केली, वडील गेल्यावरही घरी बसून करत होती. काम करताना ती चष्मा काढून ठेवायची आणि कापड नाकापाशी न्यायची. चष्म्याविना तिला तीन बोटांपलीकडचं जग नव्हतं, पण त्या तीन बोटांच्या आत तिच्यासारखं दिसणारं माणूस सबंध गल्लीत नव्हतं. कुणाच्या बोटात कुसळ गेलं, पायात काटा मोडला, की सगळे अक्काकडे. ती तळवा नाकाशी धरायची, सुईचं टोक लावायची आणि काय झालं ते कळायच्या आत काटा बाहेर.

तर अशी ती बाकावर बसली होती. म्हणाली, "अरू, हसणार नसशील तर एक सांगते."

मी म्हटलं, सांग.

"काल जपाला बसले होते. डोळे मिटले होते. तर मला प्रकाश दिसला."

आमच्या गल्लीत दत्ताचं देऊळ आहे. तिथे रोज दुपारी चार वाजता बायकांचं जपाचं मंडळ बसायचं. दत्तजयंतीच्या आधीचा सप्ताह सुरू झाला होता, त्यामुळे मंडळाला जोर होता. मी त्या मंडळाची भरपूर टिंगल करत असे. तेव्हाही माझ्या तोंडावर हसू आलंच.

"कुठे दिसला?" मी विचारलं.

तिने डाव्या कानशिलावर, चष्म्याच्या दांडीपाशी बोट ठेवलं. म्हणाली, इथे कडेला. एकदम लख्ख, वीज चमकावी तसा. नमस्काराला वाकले तेव्हा पुन्हा. आजही दोनदा.

माझ्या हातात पुसायचं फडकं होतं, ते तसंच राहिलं. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याला आम्हा चष्मेवाल्यांसाठी एक दिवसाचं शिबिर झालं होतं. तिथे एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी फळ्यावर दोन डोळे काढून दाखवले होते, एक लिंबासारखा गोल आणि एक अंड्यासारखा लांबट. म्हणाले, मोठ्या मायनस नंबरचा डोळा हा असा मागे लांबलेला असतो. तुम्ही काच देता, माणसाला दिसायला लागतं, तुम्हाला वाटतं काम झालं. पण डोळा लांब तो लांबच राहतो. आतला पडदा त्याच्याबरोबर ताणला जातो आणि कडेकडेने पातळ होतो. मी शिंप्याचा मुलगा, मला ते लगेच समजलं. कापड विरतं तसा पडदा विरतो. डोळ्याच्या पोटातला जेलीसारखा गोळा वयाबरोबर सुटत जातो आणि सुटताना त्या विरलेल्या जागी ओढ बसते. कधी कधी तिथे फाटतं. डॉक्टरांचं शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं. पडद्याला दुखणं कळत नाही, त्याला फक्त उजेड कळतो, म्हणून त्याला ओढलं तरी तो उजेडच दाखवतो. आणि असा उजेड दिसला, की त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरकडे पाठवा. त्या शिबिरात मिळालेला डोळ्याचा तक्ता माझ्या दुकानाच्या भिंतीवर, अक्काच्या डोक्याच्या बरोबर वर टांगलेला होता.

म्हणजे मला कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं. हे मी आधीच सांगून टाकतो.

आणि मी सांगितलंही. पण माझ्या पद्धतीने. मी म्हटलं, "अक्का, देव काय तुझ्या कानशिलापाशी टॉर्च घेऊन उभा राहिलाय का? पडदा फाटत असेल तुझा. उद्या पुण्याला जाऊन दाखवू."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या जाड काचांतून ती रागावली आहे की रडणार आहे ते कधीच कळायचं नाही. "बरं," म्हणाली, डबा काउंटरवर ठेवला आणि गेली. मी फडकं पुन्हा काचेवर फिरवायला लागलो. वाटलं, सांगायचं ते सांगितलं.

संध्याकाळी जेवताना ती माझ्याशी बोलली नाही. आमटीच्या वाटीवरून दोन-तीनदा हाताने काहीतरी हाकललं. माझी बायको नलिनी म्हणाली, वन्सं, डिसेंबरात कुठल्या माशा? अक्का ओशाळली आणि तिने हात खाली घेतला. माशा नव्हत्याच. डोळ्यात काळे ठिपके तरंगायला लागले होते. तेही त्या शिबिरात सांगितलं होतं. मी पुण्याचा विषय काढला तर म्हणाली, जयंती होऊ दे, मग बघू. मी म्हटलं, जयंतीला सहा दिवस आहेत. तर ती ताट घेऊन उठलीच.

अक्का मोरीकडे गेल्यावर नलिनीने मला आत बोलावून सांगितलं, की उगाच त्यांच्या मागे लागू नका, यंदा पाळण्याची दोरी त्यांना द्यायचं ठरतंय.

आता ही दोरी म्हणजे काय ते सांगायला हवं. दत्तजयंतीला तिन्हीसांजेला देवाचा जन्म होतो. सभामंडपात फुलांनी सजवलेला पाळणा टांगतात, त्याला गोंड्याची दोरी असते आणि बायका पाळणा म्हणत असताना एकजण ती दोरी ओढते. हा मान लेकुरवाळीचा. गेल्या वर्षी सून बाळंत झालेल्या अमकीला, त्याच्या आधी जुळे नातू झालेल्या तमकीला, असं चालायचं. अक्का तीस वर्षं त्या मंडळात होती आणि तीस वर्षं ती चपलांच्या कोपऱ्याजवळ बसून वाती वळायची, सुंठवडा कुटायची, पाळण्याची झालर शिवायची. झालर तिची आणि दोरी दुसरीची. तिने तक्रार केली नव्हती. पण दर जयंतीला ती घरी आल्यावर कुणाशी न बोलता लवकर झोपायची, हे आम्हाला ठाऊक होतं.

तिने प्रकाशाचं रणवरे बाईंना सांगितलं होतं. रणवरे बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, मंडळ त्याच चालवायच्या. त्याआधी प्राथमिक शाळेत मला त्यांनी पाढे शिकवले होते. बाई ढोंगी नव्हत्या, अजिबात नाही. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की मी चाळीस वर्षं जप करते, मला डोळे मिटल्यावर अंधाराशिवाय काही दिसलेलं नाही, कुमुदला दिसलं असेल तर ते तिचं पुण्य. त्या दिवशी मंडळातल्या बायका अक्काच्या पाया पडल्या म्हणे. ज्यांनी तिला कधी हळदीकुंकवाला पुढे बसवलं नव्हतं, त्याही.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याच्या दवाखान्यात फोन लावला आणि वेळ विचारून ठेवली. दुपारी बाईंचा चष्मा दुरुस्त होऊन तयार होता. दुकानातल्या माणसाबरोबर पाठवला असता तरी चाललं असतं, पण मी स्वतः घेऊन गेलो. मनात हेच, की बाईंच्याच कानावर घालावं. त्यांनी सांगितलं की अक्का ऐकेल.

देवळात गेलो तर जप नुकताच संपला होता. सभामंडपात वीसेक बायका होत्या. आणि अक्का सगळ्यांच्या पुढे, बाईंच्या शेजारी बसली होती. चष्मा काढून मांडीवर ठेवलेला. डोळे उघडे होते, पण त्यांना मी दिसत नव्हतो, माझा आवाजच तेवढा कळणार होता. तिचा चेहरा मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता. नाकावर चष्म्याचे दोन खड्डे आणि त्यांच्यावर ते मोठे मोठे डोळे. माझी बहीण देखणी आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मी बाईंना चष्मा दिला, त्यांनी घालून पाहिला आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं.

"अरविंद, तू आलास ते बरं झालं. तुला यातलं कळतं आणि तू कुणाची भीडभाड ठेवत नाहीस. कुमुदला प्रकाश दिसतो म्हणते. हे डोळ्याचं काही नाही ना? नीट विचार करून सांग."

वीस बायका माझ्याकडे बघायला लागल्या. अक्काने माझ्या आवाजाच्या रोखाने तोंड वळवलं. तिचे हात मांडीवरच्या चष्म्याभोवती घट्ट झाले.

मला त्या वेळी काय आठवलं तेही सांगतो. अक्काला बघायला बारामतीचे पाहुणे आले होते तेव्हाची गोष्ट. मी नऊ-दहा वर्षांचा. आईने तिचा चष्मा काढून फडताळात ठेवला होता आणि तिला हाताला धरून पाटावर आणून बसवलं होतं. पाहुण्यांनी मला कौतुकाने जवळ घेऊन विचारलं, तुझी ताई छान आहे ना रे? मी म्हटलं, छान आहे, पण तिला चष्म्याशिवाय काही दिसत नाही, चष्मा फडताळात आहे. पाहुणे पोहे न खाता उठले. आईने मला बडवलं आणि वडील म्हणाले, मारू नकोस, पोरगं खरंच बोललं ना. माझ्या खरं बोलण्याची सुरुवात ही अशी तिच्यापासून झाली होती.

आणि आता ती पुन्हा चष्म्याविना, चारचौघांत, माझ्या तोंडाकडे कान लावून बसली होती. मी मनाशी हिशेब केला. जयंतीला पाच दिवस. जयंती झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला. इतकी वर्षं टिकलेल्या डोळ्याला पाच दिवसांत काय होतंय?

"नाही बाई," मी म्हटलं. "डोळ्याचं काही नाही."

बाईंनी हात जोडले. मागे कुणीतरी दत्ताचा गजर केला. अक्काने चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे पाहिलं आणि हसली. मी बाहेर आलो तर माझे पाय हलके झाले होते. आयुष्यात एकदा तरी आपण बहिणीसाठी काही केलं, असं मला वाटत होतं. मूर्ख माणूस. मी चपला घालून दुकानात गेलो आणि संध्याकाळी पुण्याला फोन करून आठवडाभराने येतो म्हणून सांगितलं.

पुढचे दिवस घरात सणासारखे गेले. अक्का काज करताना गुणगुणायला लागली. नलिनीने तिच्यासाठी मोहरीच्या रंगाची, जांभळ्या काठाची साडी काढून ठेवली. अक्काने पाळण्याला नवी झालर शिवली, तिच्यावर बारीक टाक्यांनी कमळं भरली. मी तिसऱ्या दिवशी तिला हळूच विचारलं, अजून दिसतो का गं प्रकाश? म्हणाली, कमी झालाय, कालपासून जवळजवळ नाहीच. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, ओढ सुटली असेल, आपोआप थांबलं असेल. काय थांबलंय, हे मात्र मी विचारलं नाही. चांगली बातमी उकरून बघायची नसते, असा मी त्या दिवसांत झालो होतो.

जयंतीच्या संध्याकाळी देऊळ गच्च भरलं होतं. आम्ही पुरुष खांबांच्या या बाजूला, बायका पाळण्याभोवती. धूप इतका घातला होता की डोळे चुरचुरत होते. जन्माची वेळ झाली, घंटा वाजली, गुलाल आणि फुलं उधळली. रणवरे बाईंनी अक्काचा हात धरून तिला पाळण्यापाशी आणलं. गोंड्याची लाल दोरी तिच्यासमोर, कमरेच्या उंचीवर लोंबत होती.

अक्काने हात पुढे केला आणि तो दोरीच्या बाजूने रिकामाच गेला.

कुणाच्या लक्षातही आलं नाही. गर्दी, गजर, सगळ्यांचे हात वर. तिने पुन्हा हात घातला, पुन्हा चुकला. मग तिने मान खूप खाली घातली, जवळजवळ छातीला टेकवली, तशी तिला दोरी सापडली. बायकांनी पाळणा सुरू केला आणि अक्का दोरी ओढायला लागली.

मी गर्दीत घुसलो, बायकांना ढकलत तिच्यापाशी पोहोचलो आणि कानात म्हटलं, अक्का, उजवा डोळा झाक. ती म्हणाली, आत्ता नको. मी पुन्हा म्हटलं. तिने मान हलवली आणि दोरी ओढत राहिली. पाळण्याची सगळी कडवी होईपर्यंत मी तिच्याशेजारी उभा होतो. सगळी कडवी झाली. तिने एकही झोका चुकवला नाही.

मग मी तिला ओट्यावर आणलं, तिच्यासमोर उभा राहिलो आणि तिचा उजवा डोळा माझ्या हाताने झाकला.

"काय दिसतं?"

"तुझं कपाळ दिसतं," ती म्हणाली. "केस दिसतात. तोंड दिसत नाही."

"केव्हापासून?"

"परवापासून. नाकाच्या बाजूने खालून काळं वर यायला लागलं. विहिरीला पाणी चढतं तसं हळूहळू. आज सकाळी एवढं नव्हतं." ती थांबली. "मला वाटलं, हेही त्यातलंच असेल. आधी प्रकाश, मग अंधार."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ओळखीच्या माणसाची जीप काढून आम्ही पुण्याला निघालो. नलिनीने अक्काच्या पिशवीत सुंठवड्याची पुडी ठेवली होती, ती अक्काने वाटभर हातात धरली होती.

पडद्याच्या डॉक्टर वयाने लहान होत्या, तिशीच्या असतील. त्यांनी अक्काच्या डोळ्यांत थेंब घालून तासभर बसवलं. मग तिला आडवं झोपवून, कपाळाला दिवा बांधून, दोन्ही डोळ्यांच्या कडा सावकाश पाहिल्या. बघता बघता लाल-निळ्या पेन्सिलींनी एका कागदावर चित्र काढत गेल्या. ते चित्र त्यांनी मला दाखवलं. वरच्या बाजूला पडद्याला घोड्याच्या नालेच्या आकाराची चीर पडली होती. त्या चिरेतून डोळ्यातलं पाणी मागे शिरलं आणि भिंतीचा कागद ओल धरून सुटावा तसा पडदा वरून खाली सुटत आला होता. वरचा पडदा सुटला की खालचं दिसेनासं होतं, हे मला माहीत होतं. डॉक्टर म्हणाल्या, काल रात्रीत मध्यभागही सुटलाय. जिथून आपण वाचतो, माणसं ओळखतो, ती जागा. ऑपरेशन लगेच करू, पण आशा फार ठेवू नका.

मग त्यांनी अक्काला विचारलं, वीज चमकल्यासारखं किती दिवसांपूर्वी झालं होतं?

"आठ दिवस झाले," अक्का म्हणाली.

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. त्या रागावल्या नाहीत, हळूच बोलल्या, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, चमकलं तेव्हाच आला असतात तर इथे खुर्चीत बसवून चिरेच्या चारी बाजूंनी लेसरचे टाके घातले असते आणि संध्याकाळी तुम्ही घरी जाऊन स्वयंपाक केला असता. मग त्यांची नजर केसपेपरवर गेली. तिथे माझा धंदा लिहिलेला होता.

"तुमच्या तर घरातच चष्म्याचं दुकान आहे. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

मी उत्तर द्यायला हवं होतं. मी, हेंद्रे, तोंडावर खरं बोलणारा.

"सांगितलं होतं हो," अक्काच म्हणाली. थेंबांमुळे तिचे डोळे मिटलेले होते. "यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पडद्याचं असेल, उद्या पुण्याला जाऊ. मीच हट्टी. माझं दत्तजयंतीचं होतं, म्हणून मी आले नाही."

"भावाचं ऐकायचं ना, ताई," डॉक्टर म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुम्ही वेळेवर ओळखलंत, तुमच्यासारखे चष्मेवाले सगळीकडे हवेत.

मी माझ्या बुटांकडे बघत उभा राहिलो. देवळात मी खोटं बोललो ते तिच्यासाठी, असं म्हणायला थोडी तरी जागा आहे. त्या खोलीत गप्प राहिलो ते कुणासाठी?

दोन ऑपरेशनं झाली. पडदा बसला, सुटला, पुन्हा बसला. पण डाव्या डोळ्यासमोर हात हलवला तर हललेला कळे, एवढंच. उजव्या डोळ्यातही कडेला दोन जागी पडदा विरलेला सापडला. तिथे डॉक्टरांनी लेसरचे टाके घातले आणि तो डोळा वाचला. रणवरे बाई अक्काला बघायला घरी आल्या, तासभर तिचा हात हातात घेऊन बसल्या. निघताना मी त्यांना पायरीपर्यंत सोडायला गेलो. बाई चपलेत पाय घालता घालता थांबल्या.

"मी तुला विचारलं होतं रे, अरविंद," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर दुकानात मायनस सहाच्या वरचं गिऱ्हाईक आलं, की मी काच दाखवायच्या आधी विचारतो. वीज चमकते का, माशा उडतात का, कडेला सावली येते का. लोक हसतात, म्हणतात, हेंद्रे म्हातारपणी डॉक्टर झाले. हसू देत. दोघांना तरी मी त्याच दिवशी गाडीत बसवून पुण्याला पाठवलंय, त्यांचे डोळे शाबूत आहेत. पण त्याने माझी टोचणी कमी झाली असं कुणी समजू नये. त्या दोघांची नावं मला आठवत नाहीत, अक्काचा दोरीच्या बाजूने रिकामा गेलेला हात मात्र रोज आठवतो.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं होतील. मंडळात अक्का अजून जाते. रणवरे बाई होत्या तोवर दर जयंतीला दोरी तिच्याच हातात होती. आमच्या दोघांत त्या आठ दिवसांचा विषय कधी निघाला नाही. तिने काढला नाही आणि माझी छाती झाली नाही.

गेल्या दिवाळीआधी दुकानाचा जुना काउंटर हलवताना माझ्या बोटात लाकडाची कूस गेली. दुपारी घरी आलो तर अक्का अंगणात उन्हात बसली होती. म्हणाली, आण इकडे. तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला, माझं बोट उजव्या डोळ्यापाशी नेलं, इतकं जवळ की तिचा श्वास मला तळव्यावर लागत होता. सुई लावली. आता वेळ लागतो तिला, हात थोडा कापतो. मी तिच्या पांढऱ्या भांगाकडे बघत उभा होतो.

मान वर न करता तिने विचारलं, "अरू, आता खरं सांग. तेव्हाचं ते सगळं पडद्याचंच होतं ना?"

"हो अक्का," मी म्हटलं. "पडद्याचंच होतं. मला त्याच दिवशी, दुकानातच कळलं होतं."

सुई थांबली नाही. कूस बाहेर आली, तिने ती माझ्या तळव्यावर ठेवली, बोट दाबून रक्त आहे का ते पाहिलं.

"दुकानात म्हणालास ते मला चेष्टेतलं वाटलं," ती म्हणाली. "देवळात म्हणालास ते खरं वाटलं. तू चारचौघांत कधी खोटं बोलला नव्हतास."

मी म्हटलं, "तुला दोरी मिळणार होती. मी खरं सांगितलं असतं तर तू मला कधी माफ केलं नसतंस."

तिने सुई पदराला टोचून ठेवली. चष्मा उचलला, पदराने दोन्ही काचा पुसल्या, डावीही पुसली, आणि डोळ्यांवर चढवून माझ्याकडे पाहिलं.

"रागावले असते रे," ती म्हणाली. "फार तर आठ दिवस बोलले नसते तुझ्याशी."